रोजच्या रियाजाने गाण्याचा आवाज कसा सुधारायचा: एका सुरापासून गाण्यापर्यंत

“मला गळाच नाही” असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या गळ्यात काहीही बिघाड नसतो. आपण गातोय तो सूर नेमका कुठे लागतोय, हे त्यांनी कधी नीट ऐकलेलं नसतं, एवढंच. सूर अजिबात ओळखताच न येणारी माणसं असतात, पण फारच थोडी. एखादं ओळखीचं गाणं चुकीच्या सुरात गायलेलं ऐकून तुमचा चेहरा वाकडा होत असेल, तर तुमचा कान शाबूत आहे आणि रियाजाने तुमचं गाणं सुधारणार आहे.

काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे आधी स्पष्ट असलेलं बरं. आवाजाची मूळ जात, म्हणजे तो भारदस्त आहे की बारीक, स्वरतंतूंच्या लांबी-जाडीवर आणि घसा-तोंडाच्या पोकळीच्या आकारावर ठरते. ती फारशी बदलत नाही, आणि बदलायचा हट्टही धरू नये. सुरेलपणा, दमसास (एका श्वासात सूर टिकवायची ताकद), सुरावरचा ठेहराव, आवाजाचा पल्ला, शब्दांची स्पष्टता आणि लय मात्र सवयीने येतात. म्हणून या लेखात कसरतींइतकाच भर ऐकण्यावर आहे. न ऐकता केलेला तासभराचा रियाज चुका पक्क्या करतो. कान लावून केलेली वीस मिनिटं चुका काढतात.

पहिलं काम: आपली पट्टी शोधा

चुकीच्या पट्टीत, म्हणजे गळ्याला न सोसणारा ‘सा’ धरून, रियाज करणं हे आवाज खराब व्हायचं मोठं कारण आहे. आवडत्या गायकाच्या पट्टीत गायची हौस सगळ्यांना असते, पण त्याचा गळा त्याचा आणि तुमचा तुमचा. पेटी किंवा मोबाइलवरचं कीबोर्ड अॅप घ्या. आरामात, बोलण्याइतक्या जोरात ‘आ’ लावा आणि एकेक सूर खाली उतरत जा. ज्या सुराच्या खाली आवाज नुसती हवा होऊन विरतो, तो तुमचा तळ. आता तिथून चार-पाच सूर वर या आणि तो षड्ज (‘सा’) धरून पाहा. या षड्जापासून खाली मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत, म्हणजे ‘प’पर्यंत, आवाज पोचला पाहिजे आणि वर तार (वरच्या सप्तकातल्या) गंधार-मध्यमापर्यंत, म्हणजे ‘ग’-‘म’पर्यंत, न ओरडता जाता आलं पाहिजे. बहुतेक पुरुषांना पांढरी एक ते काळी दोन (पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी आणि दुसरी काळी पट्टी) यांच्यामधला षड्ज सोसतो, बहुतेक स्त्रियांना पांढरी पाच ते काळी पाच यांच्यामधला. वर गळा आवळतोय असं वाटलं तर अर्धा सूर खाली या, यात कमीपणा काही नाही. रियाज सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी पट्टी पुन्हा तपासा, कारण तळ आणि माथा दोन्ही थोडे सरकलेले असतात. वयात येणाऱ्या मुलांची पट्टी तर महिन्यागणिक बदलते. त्या काळात त्यांना सोपं आणि हळू गाऊ द्यावं.

पट्टी ठरली की तानपुऱ्याचं अॅप त्या सुरावर लावा. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची (खालच्या षड्जाची). मोबाइलचा स्पीकर खर्ज नीट ऐकवत नाही, म्हणून बरा स्पीकर जोडा. हेडफोन वापरायचा तर एक कान मोकळा ठेवा. आवाज मात्र बेताचा असावा. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोम्बार यांनी 1911 साली दाखवून दिलं होतं. मोठ्याने लावलेल्या तानपुऱ्यासोबतही नेमकं तेच होतं.

बसणं आणि श्वास

ताठ बसा, पण ताठरून नको. पाठीचा कणा सरळ, खांदे सैल, हनुवटी जमिनीला समांतर. वरचा सूर आला की हनुवटी वर उचलायची खोड अनेकांना असते आणि तिथेच गळा ताणला जातो. समोर आरसा ठेवला तर ही खोड पहिल्याच दिवशी सापडते.

“पोटातून गा” हा सल्ला सगळेच देतात. हवा पोटात जात नाही, ती फुप्फुसांतच राहते. फुप्फुसांखालचा श्वासपटल हा स्नायू खाली सरकला की आतले अवयव बाहेर ढकलले जातात आणि पोट पुढे येतं. श्वास घेताना पोट आणि खालच्या बरगड्या बाजूंनी फुगल्या आणि खांदे वर गेले नाहीत, की झालं. बेंबीवर एक हात आणि कमरेच्या वर बरगडीवर दुसरा हात ठेवून पाहा. कळत नसेल तर पाठीवर झोपून पाच मिनिटं श्वास घ्या. झोपल्यावर शरीर आपोआप असाच श्वास घेतं.

खरी मेहनत श्वास सोडण्याची आहे. चार मोजत श्वास घ्या आणि दातांतून ‘स्स्स’ असा बारीक, एकसारखा सोडा. सुरुवातीला बारा-पंधरा सेकंदांत संपेल. सेकंद वाढवण्यापेक्षा आवाजाच्या सारखेपणाकडे लक्ष द्या. शेवटी ‘स्स्स’ थरथरला किंवा अचानक जोरात झाला, तर तेवढ्या लांबीवर अजून ताबा नाही. बरगड्या लगेच मिटू न देता हळूहळू आत येऊ द्यायच्या. दमसास म्हणतात तो यातूनच तयार होतो. भरपूर हवा कोंबून घेतल्याने दमसास वाढत नाही, उलट गळ्यावर दाब येतो. ही कसरत रोज तीन-चार वेळा पुरे.

गळा तापवणे

थेट गाण्याला हात घालू नका. काळी एकच्या षड्जाला पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 139 वेळा एकमेकांवर आपटतात, तार षड्जाला त्याच्या दुप्पट. एवढी हालचाल करणाऱ्या नाजूक पडद्यांना आधी हलकं काम द्यायला हवं. पाच मिनिटं पुरतात.

आधी तोंड मिटून ‘म्’चा गुंजारव करा, मध्य षड्जापासून पंचमापर्यंत, हळू. ओठांवर आणि नाकाच्या बाजूंना बारीक कंप जाणवला पाहिजे. मग ओठ फुरफुरवा. लहान मूल खेळण्यातली गाडी चालवताना ओठांनी ‘ब्र्र्र’ करतं, तसं, फक्त सुरात. फुरफुर मध्येच तुटली तर हवा कमी पडतेय किंवा ओठ आवळलेत. गालांना दोन बोटांनी हलका आधार दिला की ती टिकते.

तिसरी कसरत नळीची. शीतपेयाची साधी नळी ओठांत धरून, तिच्यातून ‘ऊ’ म्हणत सूर खालून वर आणि वरून खाली सरकवा. हवी तर नळीचं टोक ग्लासातल्या पाण्यात दोनेक सेंटिमीटर बुडवा, बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. अमेरिकेतले आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी या तंत्राचा सखोल अभ्यास केला आहे. तोंडाशी वाट अरुंद झाली की हवेचा थोडा दाब मागे येतो, स्वरतंतू एकमेकांवर कमी जोरात आपटतात आणि कमी कष्टांत आवाज निघतो. मला स्वतःला सगळ्या कसरतींत ही सर्वांत उपयोगी वाटते. गळा थकलेला असला, रियाजाला वेळ नसला, तरी नळीची तीन मिनिटं सोडू नयेत.

एकच सूर

आता सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम. तानपुरा सुरू करा, एक मिनिट काहीही न गाता ऐका. मग आकारात (‘आ’ म्हणत) मध्य षड्ज लावा आणि श्वास संपेपर्यंत धरा.

या एका सुरात काय काय घडतं ते बारकाईने ऐका. पहिल्या क्षणी बहुतेकांचा आवाज सुराच्या खालून घसरत वर येतो. काहींचा झटक्यात, ‘ख’सारखा धक्का देऊन लागतो. दोन्ही चुकीचं. लावण्याआधी सूर मनात ऐकायचा आणि हवा नि आवाज एकाच वेळी सोडायचे. मधल्या भागात सूर स्थिर झाला की तानपुऱ्याशी तो मिळालाय का ते पाहा. अगदी जवळ येऊनही मिळालेला नसेल, तर दोन आवाजांच्या मधे एक थरथर ऐकू येते. भौतिकशास्त्रात तिला विस्पंद म्हणतात. तानपुरा सेकंदाला 139 कंपनांवर आणि तुम्ही 136वर असाल तर सेकंदाला तीन थरथरी येतात. सूर जवळ नेत गेलात की थरथर मंदावते, आणि मिळाला की ती थांबते, तुमचा आवाज तानपुऱ्यात बुडून जातो. ही जागा एकदा कानाला कळली की ‘कणसूर’ (किंचित बेसूर) म्हणजे काय ते कुणी सांगावं लागत नाही. शेवटच्या दोन सेकंदांत हवा कमी पडते आणि सूर उतरतो. म्हणून श्वास अगदी संपायच्या थोडा आधीच सूर स्वच्छ संपवायची सवय करा.

ट्यूनर अॅप (सूर किती नेमका लागला ते सुईने दाखवणारं) इथे मदतीला घ्या, पण उत्तर तपासण्यापुरतंच. आधी कानाने ठरवा, मग पडदा बघा. सुई बघत गायची सवय लागली तर कान आळशी होतो.

षड्ज स्थिर झाला की पंचम, मग तार षड्ज, मग गंधार. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तुमचा गंधार त्याच्याशी जुळवा. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो, त्यामुळे फक्त पेटीवर रियाज करणाऱ्यांचा गंधार तानपुऱ्याबरोबर खटकतो. पेटी सूर दाखवायला वापरा आणि सूर धरताना बंद करा.

खर्जाचा रियाज सकाळी करतात त्यालाही कारण आहे. रात्रभराच्या झोपेनंतर स्वरतंतू किंचित सुजलेले असतात आणि आवाज खाली सहज जातो. मध्य षड्जापासून मंद्र नी, ध, प असं एकेका सुरावर थांबत उतरा. जोर लावू नका. गळा दाबून काढलेला घोगरा खर्ज कितीही भारदस्त वाटला तरी त्याने नुकसानच होतं. खर्ज हलका असावा, आणि छातीवर हात ठेवल्यावर कंप जाणवावा. आवाज विरायला लागला की तिथेच थांबा. आठवडाभरात अर्धा सूर खाली गेला तरी पुष्कळ झालं.

पलटे, लयीत

पलटे म्हणजे ठरावीक क्रमाने फिरणारे सुरांचे तुकडे. बिलावलचे शुद्ध स्वर घ्या. सारेग, रेगम, गमप, मपध, पधनी, धनीसां. उतरताना सांनीध, नीधप, धपम, पमग, मगरे, गरेसा. मग उड्यांचे: साग, रेम, गप, मध, पनी, धसां आणि तसेच परत. मेट्रोनोम (ठोके देणारं अॅप) 60वर, म्हणजे मिनिटाला साठ ठोक्यांवर, लावा, एका ठोक्याला एक सूर. सरगम म्हणून झाल्यावर तोच पलटा आकारात. सरगमीत अक्षरं चुका झाकतात, आकारात लपायला जागा नसते.

एका ठोक्याला दोन सूर, मग चार, असं पुढे जायचं, पण एक नियम पाळून: प्रत्येक सूर वेगळा आणि नेमका ऐकू आला तरच लय वाढवायची. बहुतेकांचा मध्यम चढतो आणि उतरताना रिषभ (‘रे’) पडतो. रेकॉर्डिंगमध्ये हे शोधा, आणि बिघडणाऱ्या तेवढ्या तीन सुरांचा तुकडा विलंबित (संथ) लयीत घोटा. पूर्ण पलटा शंभर वेळा म्हणण्यापेक्षा हे जास्त फळतं.

बिलावल बसल्यावर कल्याण, मग भैरव. कल्याणातला तीव्र मध्यम आणि भैरवातले कोमल रिषभ-धैवत (‘रे’-‘ध’) कानाला नवी कामं देतात. सुगम किंवा चित्रपटसंगीत गाणाऱ्यांनाही हे तितकंच लागतं. गाण्याचा प्रकार कुठलाही असो, सूर तेच बारा.

वरचे सूर

इथे घाई करणाऱ्यांचे आवाज बसतात. खालच्या सुरांत स्वरतंतू जाड आणि सैल असतात, वर जाताना ते ताणून पातळ व्हावे लागतात. खालची जाडी तशीच धरून वर ढकललं की एका जागी आवाज फाटतो किंवा तुटतो. पुरुषांना हा सांधा बहुतेकदा तार गंधार-मध्यमाच्या आसपास लागतो, आपल्या पट्टीत गाणाऱ्या स्त्रियांना मध्य पंचम-धैवताच्या आसपास. हा दोष नाही, प्रत्येक गळ्यात हा सांधा असतो. रियाजाने तो ऐकणाऱ्याला कळेनासा होतो.

त्यासाठी फुरफुरीत किंवा नळीतून, सांध्याच्या खालून वर अशी मींड (न तुटता सुरावरून सुरावर सरकणं) घ्या, अगदी हलक्या आवाजात. वर जाताना आवाज पातळ होऊ द्या, भरीवपणा नंतर येईल. मग तेच ‘ऊ’वर, मग ‘ओ’वर, शेवटी ‘आ’वर. एकेका पायरीला आठवडा-दोन आठवडे द्या.

स्वरवर्णांकडेही (आ, ई, ऊ वगैरे) बघा. वरच्या सुरावर ‘ई’ आली की जबडा आवळतो आणि आवाज चिरका होतो. तिथे जीभ ‘ई’च्याच जागी ठेवून जबडा मात्र बोटभर उघडा. ऐकणाऱ्याला ‘ई’च ऐकू येते आणि गळा मोकळा राहतो. गाण्यातली एखादी ओळ वर अडत असेल, तर आधी तिथे कोणता स्वरवर्ण आहे ते तपासा.

दुखणं हा रियाजाचा भाग नाही. पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू थकले तर ठीक, पण गळ्यात खरखर, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटलं की त्या दिवशी वरचं काम बंद.

अर्धा तास कसा वाटायचा

पाच मिनिटं श्वास आणि गळा तापवणं, दहा मिनिटं एकेक सूर, आठ मिनिटं पलटे, उरलेला वेळ गाणं. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा हे रोज अर्धा तास जास्त काम करतं, कारण शिकलेलं पक्कं होण्यात मधल्या झोपेचा मोठा वाटा असतो. जमलं तर सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं करा. नवशिक्यांना हे अधिक मानवतं. सर्दी-खोकला असेल तर गाऊ नका. तानपुरा लावून पलटे मनात म्हणा, हाताने ताल धरा. तोही रियाजच.

गाणं निवडताना पल्ला बघा. सुरुवातीला एका सप्तकाच्या आसपास फिरणारं, सावकाश चालीचं गाणं घ्या. आधी नुसतं ऐका, मग शब्द लयीत बोला, मग चाल आकारात म्हणा, आणि शेवटी शब्द आणि चाल एकत्र. श्वास कुठे घ्यायचा ते कागदावर खूण करून ठरवा. शब्दाच्या मध्ये श्वास तोडला तर अर्थही तुटतो.

रोज शेवटची दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा. आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन्हीकडून ऐकू येतो. हाडांतून खालचे कंप जास्त पोचतात, म्हणून रेकॉर्डिंगमधला आवाज पातळ आणि परका वाटतो. जगाला तोच ऐकू येतो, त्याच्याशी ओळख करून घ्या. ऐकताना दरवेळी एकच गोष्ट तपासा: आज फक्त सूर, उद्या फक्त लय, परवा शब्द. फरशीच्या रिकाम्या खोलीतलं रेकॉर्डिंग मात्र खरं धरू नका. घुमणाऱ्या आवाजात सूर खरे असतात त्याहून चांगले वाटतात.

गळ्याची निगा

प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना स्पर्श करत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शरीरातून ओलावा तिथे पोचायला वेळ लागतो, त्यामुळे गाण्याच्या आधी घटाघटा पिण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा. गुळण्यांचं पाणीही स्वरयंत्रापर्यंत जात नाही. वाफ मात्र थेट तिथे पोचते. सारखं खाकरू नका, त्यात स्वरतंतू जोरात आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी गिळा. आवाज बसला असेल तर कुजबुजूही नका, बऱ्याच जणांचा गळा त्याने आणखी आवळला जातो. रात्री जेवून लगेच आडवं झाल्यास आम्ल वर येऊन घसा चुरचुरतो. सकाळी आवाज रोजच जड लागत असेल तर जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवून पाहा. धूम्रपान तर सोडाच.

सर्दी नसताना आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला, वरचे सूर अचानक गेले किंवा गाताना दुखू लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि स्वरतंतू प्रत्यक्ष बघायला सांगा. आरशाने स्वरतंतू पाहायचं तंत्र 1854 साली मॅन्युएल गार्सिया यांनी स्वतःच्या घशावर वापरलं, आणि ते गायनाचे शिक्षक होते. स्वरतंतूंवरच्या गाठी लवकर कळल्या तर बऱ्याचदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामांनी जातात, शस्त्रक्रिया लागत नाही.

गुरू कधी शोधायचा

शक्य तितक्या लवकर. दोन-तीन महिने वरच्या क्रमाने काम केलंत, तर शिक्षकाकडे जाताना तुमच्याकडे नेमके प्रश्न असतील: माझा मध्यम का चढतो, हा सांधा कसा बुजवू, इथे श्वास पुरत का नाही. पहिल्या काही तासांत तो तुमचं गाणं किती लक्ष देऊन ऐकतो ते बघा. तुमची पट्टी न विचारता सगळ्यांना एकाच सुरात गायला लावणारा किंवा गळा दुखतो म्हटल्यावर “आणखी जोर लाव” म्हणणारा शिक्षक कितीही नावाजलेला असला तरी सोडा. चांगला शिक्षक पहिले काही आठवडे तुम्हाला षड्जावरच बसवेल. तिथे कंटाळू नका, आणि रेकॉर्डर सोबत न्या.